‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेलं वेळेवर सापडायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळेत शिकवता. रोजचा प्रवास बसचा, आणि जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही. वाचण्याजोगं काही दिसलं की व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवता, काही फेसबुकवर सेव्ह करता, काहींचे स्क्रीनशॉट काढता. पूर्वीचं बरंचसं पॉकेट या लेख साठवायच्या ॲपमध्ये होतं, ते बंद झालं तेव्हा तुम्ही यादीची फाइल उतरवून घेतलीत, पण ती उघडली तर अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसतात. आता सगळं एका ठिकाणी, विषयवार राहील आणि रेंज नसताना वाचता येईल असं ॲप तुम्हाला हवंय.

मी बेळगावात महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. पूर्वी वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून फायली लावायचो. आता विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हेच काम मोबाइलवर कसं करायचं ते दाखवतो. ॲपची नावं खाली देतो, पण नुसतं नाव सांगून तुमची अडचण सुटणार नाही. तुम्ही एका ॲपकडून तीन कामं मागताय : आलेला लेख वाचेपर्यंत धरून ठेवणं, रेंज नसताना तो उघडणं आणि वाचून झालेला लेख दोन वर्षांनी वर्गात हवा असेल तेव्हा सापडणं. पहिली दोन कामं ॲप चांगली करतं. तिसरं मात्र कुठल्याच ॲपच्या भरवशावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

का ते पॉकेटवरूनच बघा. ते २००७ साली ‘रीड इट लेटर’ या नावानं सुरू झालं, २०१७ मध्ये मोझिलानं विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद झालं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी संस्था पाठीशी असूनही बंद झालं. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑम्निव्होर नावाचं एक चांगलं, फुकट ॲप असंच गेलं. इन्स्टापेपर २००८ पासून मालक बदलत बदलत अजून चालू आहे. पॉकेटनं बंद होताना यादी उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण त्या फाइलमध्ये लेखांचा मजकूर नव्हता. शीर्षकं, लिंका, साठवल्याची वेळ आणि टॅग (आपण लावलेले खुणेचे शब्द) असंच काही. ज्या संकेतस्थळाची ती लिंक आहे ते चालू असेल तरच तिचा उपयोग. मराठीत हौसेनं चालवलेली छोटी संकेतस्थळं डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे, पैसे भरले नाहीत की एका दिवसात नाहीशी होतात. मग तुमच्याकडं नुसता पत्ता उरतो.

म्हणून माझी रीत अशी : ॲप म्हणजे बाजाराची पिशवी. आणलेलं घरी येईपर्यंत त्यात राहतं, घरी आल्यावर पिशवी रिकामी करून वस्तू डब्यात भरायच्या. डबे आपले हवेत.

आता ॲप नेमकं काय करतं ते जरा बघू, कारण त्यावरूनच काय साठवता येईल आणि काय नाही ते कळतं. तुम्ही शेअरचं बटण दाबून लिंक ॲपला देता तेव्हा ते ते पान स्वतः जाऊन आणतं. त्यात सलग परिच्छेद कुठं आहेत ते शोधतं, आणि वरची पट्टी, जाहिराती, ‘हेही वाचा’ वगैरे काढून उरलेला मजकूर ठेवतं. पान सगळ्यांना खुलं असेल आणि मजकूर खरोखर अक्षरांत असेल तर हे काम झकास होतं. पण फेसबुकची पोस्ट लॉगिन केल्याशिवाय नीट दिसत नाही, त्यामुळं ॲपला तिथं काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या लांबलचक फॉरवर्डला तर लिंकच नसते. ई-पेपरचं कात्रण हे चित्र असतं. वर्गणीदारांसाठी राखलेल्या लेखाचे पहिले दोन परिच्छेदच येतात. आपल्या भागातलं मराठी वाचन बरंचसं या चार जागांवरूनच येतं. गावोगावच्या ग्रामीण साहित्य संमेलनांतली भाषणं, कडोलीची असोत वा येळ्ळूरची, लोक फेसबुकवर टाकतात आणि स्थानिक बातम्या कात्रणाच्या फोटोतून फिरतात. तेव्हा ‘शेअर केलं म्हणजे साठलं’ असं धरून चालू नका. साठवल्यावर ॲपमध्ये एकदा उघडून शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाऊन बघा. लेख अर्धवट आला असेल तर तिथंच कळतं.

फेसबुक पोस्ट आणि फॉरवर्डसाठी सोपा उपाय म्हणजे मजकूरच कॉपी करून घेणं. कात्रणाच्या फोटोला गूगल लेन्स लावा, देवनागरी अक्षरं ते ओळखतं. जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत चुका राहतात, पण शोधायला तेवढं पुरतं. मूळ चित्र मात्र सोबत ठेवा. अवतरण देताना चित्रावरून ताडून घ्यावं लागतं.

ॲप कुठलं घ्यावं हे तीन गोष्टींवर ठरतं : पैसे भरायची तयारी आहे का, तुम्ही जास्त वाचता की जास्त साठवता, आणि फोनखेरीज लॅपटॉपही वापरता का. मुख्य गरज बसमध्ये शांतपणे वाचायची असेल तर इन्स्टापेपर घ्या. फुकट वापरात लेख साठवता येतात, फोल्डर करता येतात, रेंज नसताना वाचता येतं. साठवलेल्या लेखांच्या पूर्ण मजकुरात शोधायची सोय मात्र पैसे भरणाऱ्यांना आहे. लिंका नीट लावून ठेवणं ही मुख्य गरज असेल तर रेनड्रॉप बरं. फुकटातही लिंका हव्या तेवढ्या ठेवता येतात आणि त्यांचे गट करता येतात. पानाची कायमची प्रत आणि पूर्ण मजकुरात शोध यांना तिथंही पैसे लागतात. रीडवाइज रीडर ताकदीचं आहे, ओळी अधोरेखित करून टिपणं काढणाऱ्या संशोधकांच्या कामाचं. पण त्याला दरमहा पैसे मोजावे लागतात आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही. घरात कुणी संगणकातलं जाणकार असेल तर वॉलबॅग हे खुलं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तुमचं वर्णन वाचून मी इन्स्टापेपर सुचवीन. पण पैसे भरण्याआधी निदान महिनाभर फुकट वापरून बघा. बऱ्याच जणांना पुढं कळतं की फुकटातलं पुरेसं आहे.

रेंज नसतानाच्या वाचनात एक अडचण हमखास येते. लेख साठवला म्हणजे तो फोनमध्ये उतरला असं होत नाही. शेअर करताना फक्त लिंक ॲपच्या सर्व्हरला जाते, मजकूर फोनमध्ये येतो तो ॲप पुढच्या वेळी ताजं होतं तेव्हा. पुष्कळ फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली ॲप मागच्या मागं बंद ठेवतात, म्हणून ते आपोआप होईल याची खात्री नाही. तेव्हा बस सुटायच्या आधी स्टँडवरच ॲप उघडायचं, यादी खाली ओढून ताजी करायची आणि थोडं थांबायचं. पहिल्यांदा करताना फोन विमान मोडवर टाकून तीन-चार लेख उघडून बघा. उघडले तर कणकुंबीपर्यंत निर्धास्त. लेखातली चित्रं कधी कधी उतरत नाहीत. नकाशे किंवा तक्ते असलेला लेख असेल तर त्या पानाचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या.

आता विषयवार लावण्याबद्दल, जे तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत. माझा अनुभव असा की विषयांचे फोल्डर वाढत जातात आणि शेवटी कुणीच ते वापरत नाही. भाषा, साहित्य, इतिहास, सीमाभाग, पर्यावरण असे गट केलेत, आणि मलप्रभेच्या उगमावरचा लेख आला तर तो कुठं टाकाल? इतिहासात, पर्यावरणात की सीमाभागात? दोन महिन्यांनी तुम्ही तिसऱ्याच ठिकाणी शोधाल. त्यापेक्षा कशासाठी ठेवला त्यावरून गट करा. तुमच्यासाठी तीनच पुरतील : ‘वर्गात’, ‘भाषण-लेखन’ आणि ‘माझ्यासाठी’. लेख कशाविषयी आहे हे ठरवायला विचार करावा लागतो, पण मला तो कशाला हवा हे साठवताना डोक्यात आधीच असतं.

त्याहून मोलाची सवय म्हणजे साठवतानाच मराठीत एक ओळ लिहिणं. टिपणाची जागा असेल तर तिथं, नसेल तर शीर्षकच बदलून. वर्तमानपत्री शीर्षकं लक्ष वेधायला लिहिलेली असतात, त्यांत शोधायचे शब्द नसतात. ‘एका नदीची गोष्ट’ असं शीर्षक तुम्हाला पुढच्या वर्षी काय सांगणार? त्याऐवजी मी असं लिहीन : ‘मलप्रभा, उगम कणकुंबी, माउलीच्या देवळाचा उल्लेख, आठवीच्या परिसर प्रकल्पाला, नकाशा चांगला.’ यात नदी आहे, गाव आहे, इयत्ता आहे आणि त्या लेखात विशेष काय तेही आहे. एवढं बोलून टाइप करता येतं, बसच्या रांगेत उभ्या उभ्या होतं. आणि जिच्याबद्दल अशी ओळ सुचत नाही ती लिंक बहुधा साठवायचीच नसते. मी विद्यार्थ्यांना हीच चाळणी लावायला सांगतो.

तुम्ही व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवता तेही यानं सुधारेल. व्हॉट्सॲप लेखाच्या आत शोधत नाही, मेसेजमध्ये लिहिलेलं तेवढं शोधतं. लिंकेखाली अशी ओळ असली की तीच जागा कामाची होते. वयस्कर शिक्षकांना मी नवं ॲप शिकवत बसत नाही, एवढंच करायला सांगतो.

मराठीत शोधताना मात्र एक ध्यानात ठेवा, कारण ही ॲप इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. आपला शब्द विभक्ती लागली की आतूनच बदलतो. ‘मलप्रभा’ शोधलंत तर ‘मलप्रभेचा’ सापडणार नाही. ‘खानापूर’ शोधलंत तर ‘खानापुरातील’ निसटतं, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. ‘शाळा’ शोधताना ‘शाळेत’ राहून जातं. म्हणून शब्दाचा न बदलणारा पुढचा भागच टाइप करा : ‘मलप्रभ’, ‘खानाप’, ‘शाळ’. काही ॲप अर्धा शब्द चालवून घेत नाहीत. तिथं तुमची स्वतःची ओळ उपयोगी पडते, त्यात गावाची नि माणसांची नावं नेहमी मूळ रूपातच लिहा. आपल्या शहराचं तर बेळगाव, बेळगावी, बेळगांव, शिवाय इंग्रजीत जुनं-नवं आणि कानडीत वेगळं, असं सगळीकडं वेगवेगळं पडतं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदलल्यापासूनच्या आणि आधीच्या बातम्या एका शोधात येतच नाहीत. तुमच्या ओळीत एकच रूप ठरवा आणि ते सोडू नका.

इथवरचं थोडक्यात : ॲप वाचेपर्यंतचं, बस सुटायच्या आधी ताजं करायचं, गट तीनच, आणि प्रत्येक लेखाला आपली एक ओळ.

आता आपल्या डब्यांकडं येऊ. वाचून झाल्यावर यातला थोडाच भाग कायमचा ठेवण्यासारखा निघतो. तो ॲपमधून बाहेर काढा. बहुतेक जण अशा वेळी पीडीएफ करतात. दिसायला पीडीएफ सुंदर, पण मराठीसाठी त्यात खोट आहे. पुष्कळ पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं मांडलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, लिहिली जाते नंतर. त्यामुळं पीडीएफमधून ‘शिक्षण’ कॉपी केलं की वेलांटी सुटून पुढं जाते आणि ‘ िशक्षण’ असं काहीतरी हाती लागतं. जोडाक्षरं तुटतात. साहजिकच शोधल्यावर सापडत नाही. जुन्या डीटीपी (छपाईच्या) फाँटमध्ये केलेल्या पीडीएफचं तर विचारूच नका, तिथं अक्षरांच्या मागं इंग्रजी कचरा असतो. म्हणून मी मजकूर ॲपमधल्या स्वच्छ पानावरून कॉपी करून गूगल डॉक्समध्ये चिकटवायला सांगतो. ते शोधता येतं, जागा नगण्य घेतं आणि हवी ती फाइल ‘ऑफलाइन’ करून फोनमध्ये ठेवता येते. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते आणि ती मेल व फोटोंमध्ये वाटलेली असते. ती भरते स्क्रीनशॉटनी आणि व्हिडिओंनी, मजकुरानं नाही.

प्रत्येक डॉकच्या डोक्यावर चार गोष्टी हव्यात : लेखकाचं नाव, कुठं आला, कधी आला आणि मूळ लिंक. ‘कधी आला’ म्हणजे तुम्ही साठवला तो दिवस नव्हे, लेख प्रसिद्ध झाला तो दिवस. सीमाभागात राहणाऱ्या माणसानं हे कटाक्षानं करावं असं मला मनापासून वाटतं. दर वर्षी १ नोव्हेंबर (काळा दिवस) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन) जवळ आले की सीमाप्रश्नाच्या बातम्या पुन्हा फिरू लागतात. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ मध्ये, त्यामुळं ‘सुनावणी होणार’ ही बातमी इतक्या वर्षांतल्या कुठल्याही वर्षाची असू शकते. सीमाप्रश्नासाठीचा महाजन आयोग नेमला गेला १९६६ मध्ये आणि त्याचा अहवाल आला १९६७ मध्ये, पण फॉरवर्डमध्ये दोन्ही सालं एकमेकांच्या जागी येतात. मुलं तुमच्याकडून ऐकलेलं घरी सांगतात. तारखेशिवायचं कात्रण वर्गात नेऊ नका. फॉरवर्डमध्ये तारीख आणि लेखक नसेल तर त्यातलं एक सलग वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा, पुष्कळदा मूळ लेख सापडतो. नाही सापडला तर ‘स्रोत अज्ञात’ असं लिहून ठेवा, म्हणजे पुढं आपलीच फसगत होत नाही.

लेखकाच्या नावाबद्दल आणखी एक. ही प्रत तुमच्या अभ्यासापुरती ठेवा. वर्गाच्या ग्रुपवर द्यायचं असेल तर मूळ लिंक द्या. गावोगावी लिहिणाऱ्या आपल्या माणसांचे लेख नावाशिवाय फिरतात आणि त्यांच्या पदरी काहीच पडत नाही.

शिक्षण खात्याची परिपत्रकं कानडीत येतात, तीही तुम्ही जपून ठेवत असाल. ती वाचनाच्या ॲपमध्ये मुळीच टाकू नका. जुनी परिपत्रकं नुडी या कानडी फाँटमधली असतात किंवा स्कॅन केलेली, त्यात शोध चालत नाही. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून तिचं नाव तुम्हीच मराठीत द्या आणि नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं करा, उदाहरणार्थ ‘२०२५-०६-१२ दहावी अंतर्गत गुण’. अशानं यादी आपोआप तारखेवार लागते. तारीख परिपत्रकावरची, तुम्हाला ते व्हॉट्सॲपवर मिळालं त्या दिवसाची नाही.

राहिली पॉकेटची जुनी यादी. फाइल खराब झालेली नाही, घाबरू नका. एक्सेल ती उघडताना मराठीची सांकेतिक पद्धत ओळखत नाही म्हणून खुणा दिसतात. तीच फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल शीट्समध्ये उघडा, अक्षरं जशीच्या तशी दिसतील. एक्सेलमधल्या त्या अवस्थेत ती सेव्ह मात्र करू नका, तसं केलंत तर मग खरंच बिघडेल. लिंकांमध्ये टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांची लांब माळ दिसली तर तीही चूक नाही. मराठी अक्षरं असलेला पत्ता असाच साठवला जातो. कॉपी करताना तो शेवटपर्यंत घ्या, मधेच तोडला तर उघडणार नाही.

ती अख्खी यादी नव्या ॲपमध्ये ओतू नका. इन्स्टापेपर अशी फाइल घेतं, पण शेकडो न वाचलेल्या लेखांखाली नवा लेख पहिल्याच दिवशी गाडला जाईल. शीटमध्येच राहू द्या, त्यात शोधता येतंच. दसऱ्याच्या सुट्टीत शीर्षकांवरून नुसती नजर फिरवा आणि ज्यांची वर्गात खरोखर गरज पडली होती त्याच लिंका उघडा. एखादी उघडत नसेल तर तिचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये घालून बघा. तिथं १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती आहेत. मोठ्या दैनिकांची पानं बऱ्याचदा मिळतात, छोट्या मराठी संकेतस्थळांची कधी मिळतात, कधी नाही. मिळालेला मजकूर त्याच वेळी डॉकमध्ये घ्या. आणि आज चालू असलेलं एखादं छोटं संकेतस्थळ तुम्हाला मोलाचं वाटत असेल तर त्याची पानं तिथल्या ‘सेव्ह पेज’मध्ये तुम्हीही टाकू शकता. ती प्रत सगळ्यांना दिसते, म्हणून खाजगी काही टाकू नका. पण गावच्या वाचनालयाचा इतिहास, संमेलनाच्या अध्यक्षांचं भाषण, जुन्या शाळेची माहिती असं काही असेल तर जरूर टाका.